नवतपा आणि शंभर लिटर पाणी

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये आमच्या घरातले मासे मरू लागले, तेव्हा ते दुपारी मरत नव्हते. अकोल्यात एप्रिलच्या शेवटी दुपारी रस्ते ओस पडतात, गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी हातावर घेववत नाही, आणि अशा वेळी मासे मरतील अशी कोणाचीही समजूत होईल. प्रत्यक्षात दुपारी ते बऱ्यापैकी हिंडत असत. पहाटे पाचच्या सुमारास मी उठून दिवा लावला की सगळे मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंड वर करून, गालफडे भराभर हलवत उभे असलेले दिसत आणि दर दोन-तीन दिवसांनी एखादा तळाशी आडवा पडलेला असे. आधी दोन्ही गोल्डफिश गेले, नंतर निऑन टेट्रांचा थवा निम्म्यावर आला.

टँक तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच, म्हणजे तळाची वाळू वजा जाता पाणी साधारण शंभर लिटर. तो मुलीच्या वाढदिवसासाठी डिसेंबरात आणला होता. डिसेंबरात आणलेला टँक पहिले चार महिने माणसाला उगाच हुशार ठरवतो. थंडीत काहीही चालून जाते. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा असून त्याला १८ ते २४ अंश मानवतात, निऑन टेट्रा २६ अंशांच्या पुढे कष्टी होतो, आणि या दोघांना मोलींसह एकाच पेटीत ठेवण्यात मुळातच चूक आहे, हे मला विकत घेताना कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

टँकच्या काचेवर बाहेरून चिकटवलेली तापमानाची पट्टी ३१ अंश दाखवत असे. त्या पट्टीवर माझा इतका विश्वास होता की पाणी फार तापलेले नाही, काहीतरी रोग आला आहे, असे मी धरून चाललो. एका रविवारी काचेचा साधा तापमापक पाण्यात बुडवून पाहिला तर पारा ३४ च्या वर गेला. बाहेरून चिकटवलेली पट्टी पाण्याचे आणि खोलीतल्या हवेचे असे मिसळलेले काहीतरी दाखवते, आणि त्या वेळी खोलीत कूलर चालू असल्याने ती पाण्यापेक्षा कमी आकडा दाखवत होती. त्या दिवसापासून मी मुलीच्या जुन्या वहीत दिवसातून चार वेळा तापमान लिहू लागलो. पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट लक्षात आली, जी मला आधी कधीही सुचली नसती. पाणी सर्वांत गरम दुपारी तीनला नसे, तर रात्री आठ-नऊला असे. दिवसभर उन्हात तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत संध्याकाळी खोलीत उष्णता सोडू लागतात आणि शंभर लिटर पाणी ती सावकाश घेत राहते. सर्वांत कमी तापमान सकाळी सहा-सातला, तेही ३१ च्या खाली नाही.

मग पहाटे मासे का मरत होते, याचा उलगडा तापमानाच्या नोंदींतून होईना. उत्तर पाण्यातल्या हवेत होते. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो, २५ अंशांना ८.३, आणि ३४ अंशांना जेमतेम ७. हा फरक वाचून मला प्रथम तो फार मोठा वाटला नाही. परंतु दुसऱ्या बाजूने माशाची गरज वाढत असते. त्याच्या शरीराचे तापमान पाण्याइतकेच असल्यामुळे पाणी दहा अंशांनी तापले की त्याला लागणारा प्राणवायू जवळजवळ दुप्पट होतो. भर म्हणजे टँकमधल्या वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्रभर त्याही तो वापरतात. तळातला गाळ कुजताना तो वापरतो, फिल्टरमधले जिवाणूही वापरतात, आणि या सगळ्यांचा हिशेब पहाटे पाचला शून्याजवळ येऊन ठेपतो. आमच्या घरी तर झोपताना आवाज नको म्हणून रात्री हवेचा पंप बंद केला जात असे. म्हणजे ज्या आठ तासांत तो सर्वांत जास्त हवा होता, नेमके तेच आठ तास तो बंद होता.

त्या रात्रीपासून पंप बंद झाला नाही. फिल्टरचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागावर आणून धार वरून पडेल अशी केली. बुडबुडे स्वतः पाण्यात फारशी हवा विरघळवत नाहीत. ते वर येताना तळाचे पाणी वर आणतात आणि पृष्ठभाग सतत हलता ठेवतात, आणि हवेची देवघेव होते ती त्या हलत्या पृष्ठभागावर. तिसऱ्या दिवशी पहाटे मासे पहिल्यांदा टँकच्या मध्यावर दिसले. पाणी तेवढेच गरम होते, तरी मरणे थांबले.

येथेच थांबलो असतो तर बरे झाले असते, पण ३४ हा आकडा मला झोपू देईना. फ्रीजरमध्ये दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या गोठवून त्या दुपारी दोनला टँकमध्ये सोडायला मी सुरुवात केली. एक किलो बर्फ वितळून तीस अंशांपर्यंत तापताना शंभर लिटर पाण्याचे तापमान साधारण १.१ अंशाने उतरवतो, म्हणजे चार किलोंमध्ये साडेचार अंश. हिशेबाप्रमाणे झालेही तसेच. पाणी दीड तासात ३३ वरून २९ च्या खाली आले आणि मी समाधानाने कामावर गेलो. रात्री नऊला ते परत ३३ वर होते. असे नऊ दिवस चालले. दररोज चार अंश खाली आणि चार अंश वर, असा हेलकावा माशांना स्थिर ३३ अंशांपेक्षा अधिक जाचतो, हे मला एका मोलीच्या तोंडाभोवती कापसासारखी पांढरी कड दिसली तेव्हा समजायला लागले.

ती कड पाहून मी दुकानात गेलो. दुकानदाराने बुरशीवरचे निळे औषध दिले आणि हीटर लावून पाणी आणखी दोन अंश गरम करा, रोग लवकर उतरतो, असा सल्ला दिला. अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके येणाऱ्या रोगात तो सल्ला काही प्रमाणात खरा आहे, कारण त्या परजीवीला तीस अंशांच्या पुढचे पाणी मानवत नाही. तोंडावर कापूस धरल्यासारखा दिसणारा हा रोग मात्र बहुतेक वेळा बुरशी नसतो. तो कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूजन्य रोग असतो आणि गरम पाण्यात तो झपाट्याने पसरतो. मी हीटर लावला नाही, तेवढीच बुद्धी शाबूत राहिली. पण निळे औषध सरळ टँकमध्ये ओतले. ते मिथिलीन ब्लू होते, आणि ते फिल्टरमधल्या, माशांची घाण पचवणाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही मारते, आणि त्याचे फळ पुढच्या आठवड्यात मिळाले. चारांपैकी दोन मोली गेल्या. तेव्हापासून औषध देण्याची वेळ आलीच तर आजारी मासा वेगळ्या बादलीत, हवेच्या पंपासह, असा घरात नियम आहे.

गारवा आणण्याचा खरा मार्ग मला आईने दाखवला, आणि तोही वैतागून. रोज फ्रीजरमधली जागा माझ्या बाटल्यांनी अडलेली असे. एके दिवशी ती म्हणाली, “अरे, माठाले वलं फडकं गुंडाळतो नं आपन, तसं ह्या पेटीले गुंडाळ. बर्फ कायले पाह्यजे?” विदर्भात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट दुसऱ्याने सांगावी लागावी, याची मला लाज वाटली. होळी झाली की ज्या गावात घरोघरी कूलर खाली उतरतात, त्यांत नवे वुडवूल (पाणी धरून ठेवणारे लाकडाचे बारीक तंतू) भरले जाते, खिडक्यांना खसाचे पडदे लागतात, त्या गावात पाणी उडाले की गारवा येतो हे पोरासोरांनाही ठाऊक असते. हिशेब मांडला तेव्हा तर मी चकितच झालो. शंभर लिटरमधले एक लिटर पाणी वाफ होऊन उडून जाताना उरलेल्या पाण्यातून जेवढी उष्णता घेऊन जाते, तेवढ्यात ते पाणी जवळजवळ सहा अंशांनी गार व्हावे. म्हणजे एक लिटर उडालेले पाणी एक लिटर बर्फाच्या पाचपट काम करते, आणि तेही हळूहळू, चोवीस तास, हेलकावा न देता.

टँकचे झाकण मी त्याच दिवशी काढले. झाकणाखाली दमट हवा कोंडून राहते आणि पाणी उडायला वावच राहत नाही. वर झाकणातला दिवा पाण्याला ऊब देत असतो तो वेगळाच. झाकणाच्या जागी खिडकीला लावतात ती नायलॉनची जाळी ताणून बसवली, कारण उघड्या टँकमधून मासे उडी मारतात. संगणक दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून १२ व्होल्टचे, पाच इंचांच्या आतबाहेरचे दोन जुने पंखे आणले. ते टँकच्या एका टोकाला किंचित तिरके बसवले, अशा बेताने की वारा पाण्यावर सरळ न आपटता त्याच्या पृष्ठभागावरून सरकत दुसऱ्या टोकाने बाहेर पडावा. वायरींना भिंतीकडे जाण्याआधी खाली एक झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळाशीच टपकेल. दोन्ही पंखे मिळून पाच-सहा वॅट वीज घेतात. तिसऱ्या दिवशी रात्री नऊला तापमापक ३०.४ दाखवत होता आणि सकाळी २९.२. दिवसरात्रीचा फरक सव्वा अंशावर आला होता.

त्याच वेळी पाण्यात बुडालेला मोटरचा फिल्टरही मी काढून टाकला. पंधरा-अठरा वॅटची मोटर पाण्यात चोवीस तास चालते, तेव्हा तिची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते; उन्हाळ्यात आपण एका बाजूने पंख्याने पाणी गार करतो आणि दुसऱ्या बाजूने लहानसा हीटर चालवतो, असा तो प्रकार. त्याऐवजी हवेच्या पंपावर चालणारे दोन स्पंज फिल्टर बसवले. मात्र नवे स्पंज जुन्याबरोबर तीन आठवडे चालू देऊन त्यांत जिवाणू रुजल्यावरच जुना काढायला हवा होता. मी तो आठ दिवसांत काढला.

पंखा लावून आठवडाही झाला नसेल, तोच एक कोडे पडले. दिवाणखान्यात कूलर चालू असताना खोली गार असे, तरी पंख्यांचा पाण्यावरचा परिणाम कमी होई. कूलर बंद करून खोली कोरडी आणि तापलेली ठेवली की पंखे जोमाने काम करत. मी एका तापमापकाच्या फुग्यावर ओला कापूस गुंडाळून दोन्ही परिस्थितींत धरून पाहिले. कूलरविना खोलीत कोरडा तापमापक ३८ आणि ओला २२ दाखवत होता. कूलर चालू असताना कोरडा ३० आणि ओला २५. पाणी उडून किती गार होऊ शकते याची शेवटची मर्यादा हा ओला आकडा ठरवतो. प्रत्यक्षात टँक तिथपर्यंत कधीच पोचत नाही, कारण चारही काचांतून खोलीची उष्णता आत येतच राहते. पण ३८ आणि २२ यांमध्ये जितका वाव आहे, तितका ३० आणि २५ यांमध्ये नाही. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर खोलीत उबट दमटपणा साचतो, हे आपण स्वतःसाठी पाळतो. टँकलाही तेच लागू होते. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर कूलर चालू असेपर्यंत पाणी २८ पर्यंत उतरत असे, म्हणजे निव्वळ आकड्याने ते बरेच होते. अडचण अशी की कूलर दुपारी काही तास आणि रात्री काही तास चाले आणि त्याबरोबर पाण्याचा हेलकावा परत येई. शेवटी टँक मधल्या खोलीत नेला, जिच्या एकाही भिंतीला थेट ऊन लागत नाही. नेताना पाणी बादल्यांत काढून, मासे वेगळे करून आणि रिकामा करूनच नेला. भरलेला टँक इंचभर सरकवण्याचा मोह अनेकांना होतो आणि त्यात तळाची काच जाते.

कूलरच्या तळातले पाणी हाताला छान गार लागते, तेव्हा तेच टँकमध्ये घालावे असे कोणालाही वाटेल. ते कधीही घालू नये. त्यात दिवसभर क्षार साठत गेलेले असतात, वुडवूलचा रंग उतरलेला असतो, आणि डासांच्या अळ्यांसाठी महापालिकेचे कर्मचारी कूलरमध्ये टेमिफॉस हे औषध टाकून जातात. याच अळ्यांसाठी आरोग्य खाते डबक्यांत आणि हौदांत गप्पी मासे सोडते, त्यामुळे गप्पी फार चिवट आहेत असा एक समज आहे. डास मारण्याच्या बाटलीतल्या औषधापुढे मात्र तेही टिकत नाहीत. भिंतीला लावायच्या त्या बाटल्यांतली पायरेथ्रॉइड वर्गातली औषधे माशांना अत्यंत विषारी असतात, आणि हवेचा पंप खोलीतली तीच हवा ओढून पाण्यात सोडत असतो. आमचा पंप आता स्वयंपाकघराच्या बाजूला आहे आणि टँकच्या खोलीत ती बाटली लावत नाही.

आता या उपायाची किंमत, जी मला सर्वांत उशिरा कळली आणि जिच्याविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. पंखे लावल्यापासून टँकमधून दररोज सव्वातीन लिटरच्या आसपास पाणी उडू लागले. सकाळी काचेवरच्या खुणेपासून पाणी बोटभर खाली गेलेले दिसे आणि मी ते भरून काढत असे. महिन्याला सुमारे शंभर लिटर, म्हणजे महिन्याकाठी एक अख्खा टँक हवेत जात होता. परंतु वाफ होऊन जाते ते केवळ पाणी; त्यातले क्षार मागेच राहतात. अकोल्याचे नळाचे पाणी काटेपूर्णा धरणातून येते, ते बरे आहे, पण उन्हाळ्यात ते रोज येत नाही, आणि मधल्या दिवसांत मी बोअरचे पाणी घालत होतो. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांमधला खारपाणपट्टा सर्वांना माहीत आहे. तिथल्या विहिरींचे पाणी पिकालाही चालत नाही. आमचा बोअर त्या मानाने सौम्य म्हणायचा, तरी मीटरवर त्याचे एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे ९०० मिलिग्रॅम येतात.

टंचाईमुळे टँकचे पाणी बदलणे मी थांबवले होते. एप्रिलअखेर टँकच्या पाण्यातले क्षार ३८० होते. वीस दिवसांनी मीटर लावला तेव्हा आकडा ९८० होता. पंख्यांनी मला चार अंशांचा गारवा दिला होता आणि त्या बदल्यात माझा टँक मी स्वतःच्या हातांनी खारपाणपट्ट्यात नेऊन ठेवला होता. काचेच्या वरच्या कडेला पांढरे पुट धरले होते, जाळीवर खर साचली होती, वनस्पतींची पाने कडांनी वितळत होती, आणि उरलेले निऑन, जे मुळात मऊ पाण्याचे मासे, कोपऱ्यात रंग उतरून उभे असत. पाण्याचा सामूही (pH) वाढून ८.२ झाला होता.

हा सामू आणि ते तापमान एकत्र आल्यावर काय होते, ते त्याच आठवड्यात दिसले. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचा बराच भाग पाण्यात कमी घातक रूपात असतो आणि थोडा भाग विषारी रूपात. सामू ८.२ असताना २५ अंशांना एकूण अमोनियाच्या सुमारे ८ टक्के भाग विषारी असतो. ३२ अंशांना तोच सुमारे १३ टक्क्यांवर जातो. म्हणजे तेवढीच घाण, तेवढेच मासे, पण उन्हाळ्यात विष दीडपटीहून जास्त. आमच्याकडे निळ्या औषधाने जिवाणू मेलेले, नवे स्पंज अजून न रुजलेले, आणि माझी मुलगी मासे अशक्त दिसतात म्हणून त्यांना दिवसातून तीनदा खायला घालत होती. तिला रागावण्यात अर्थ नव्हता. अशक्त दिसणाऱ्याला खायला घालायचे हेच घरात शिकवलेले. खाद्य दिवसाआड आणि दोन मिनिटांत संपेल एवढेच, असे ठरवले, आणि चौथ्या दिवसापासून पाण्याचा वास आणि गढूळपणा दोन्ही कमी झाले.

क्षार कमी करणे त्याहून नाजूक होते. एकदम अर्धे पाणी बदलून मऊ पाणी घातले असते तर माशांच्या अंगातले आणि पाण्यातले क्षार यांचा तोल बिघडून तेच मेले असते. मी दिवसाआड दहा लिटर पाणी काढून तेवढेच नळाचे, दोन दिवस साठवून क्लोरीन उडू दिलेले पाणी घालत गेलो. काढलेले पाणी तुळशीला आणि जास्वंदीला घातले, म्हणून घरातून तक्रार आली नाही. आणि रोज उडणाऱ्या सव्वातीन लिटरसाठी घरातल्या आर.ओ. यंत्राचे पाणी वापरू लागलो. उडालेल्या पाण्याची भरपाई क्षार नसलेल्या पाण्याने करायची आणि आठवड्याची बदली साध्या पाण्याने, हे दोन हिशेब वेगळे ठेवायचे असतात. मी दोन्ही एकच समजत होतो. दोन आठवड्यांत आकडा बराच खाली आला. मध्यंतरी भरपाईसाठी माठातले गार पाणी घालण्याचाही प्रयोग केला. पाच अंशांनी गार असलेले तीन लिटर पाणी शंभर लिटरला ०.१५ अंशाने गार करते, हे गणित आधी केले असते तर आईला आठ दिवस दोन माठ भरावे लागले नसते.

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास लागतो, सूर्य रोहिणीत आला की. त्या वर्षी त्याच्या पाचव्या रात्री साडेनऊला धुळीचे वादळ आले, पाऊस शिंतोड्यांपुरता पडला, आणि कुठेतरी झाड तारांवर पडून आमच्या भागाची वीज गेली. इन्व्हर्टरने दोन तास पंप आणि एक पंखा चालवला आणि तो थकला. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप, जो मासेमारी करणारे आमिषाची पिल्ले जिवंत ठेवायला वापरतात, मी आदल्याच महिन्यात आणून ठेवला होता. त्याला एक स्पंज जोडला. पंखे बंद झाल्यावर पाणी उडण्याचे काय, तर इथे आईचे फडके कामी आले. दोन जुने सुती धोतर-पंचे ओले करून टँकच्या मागच्या आणि बाजूच्या काचांना लावले, आणि त्यांची खालची टोके पाण्याच्या परातीत सोडली, म्हणजे कापड वातीसारखे पाणी वर ओढत राहील. दोन्ही खिडक्या उघडल्या. वीज सकाळी सातला आली. रात्रभरात पाणी ३०.२ वरून ३१.१ झाले, त्यापुढे नाही. मी मात्र तांब्याने पाणी काढून फूटभर उंचीवरून परत ओतण्याचे काम पहाटे तीन ते साडेपाच करत होतो, कारण बॅटरीवरच्या पंपाच्या भरवशावर मला झोप येईना. त्या रात्री एकही मासा गेला नाही.

चिलर घ्यावा का, असे अनेक जण विचारतात. मीही चौकशी केली होती. त्याची किंमत आमच्या टँकमधल्या सगळ्या माशांच्या कित्येक पट होती आणि तो पाण्यातली उष्णता काढून त्याच खोलीत सोडतो, म्हणजे मधली खोली आणखी तापवतो. थंड समुद्री किंवा डोंगरी झऱ्यातले मासे ठेवायचे असतील तर त्याला पर्याय नाही. मला तसे मासे ठेवायचे नव्हते, हे मी उशिरा कबूल केले. पुढच्या हिवाळ्यात दुकानात लाल पट्ट्याची मिस केरळ पाहून हात पुढे गेला होता. सह्याद्रीच्या दक्षिणेकडल्या वाहत्या, थंड झऱ्यांतला तो मासा, त्याला मे महिन्यात अकोल्यात काय वाटेल याचा विचार करून मागे घेतला. आता टँकमध्ये ब्लू गोरामी आहेत, जे पृष्ठभागावरची हवा थेट घेऊ शकतात, एन्जलची एक जोडी आहे, जिला २८ ते ३० अंश मानवतात, आणि गप्पी आहेत, जे मोजण्याच्या पलीकडे गेले आहेत. उरलेले पाच निऑन त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस हैदराबादला वातानुकूलित घर असलेल्या मेव्हण्याकडे पाठवले.

जून लागल्यावर एक शेवटची फजिती झाली. पहिला दमदार पाऊस रात्री झाला, खोलीची हवा काही तासांत दहा अंशांनी उतरली, आणि मी झोपेत असताना पंखे चालूच राहिले. सकाळी पाणी २५.८ होते. त्यानंतर पंख्यांना तापमानावर आपोआप चालू-बंद करणारे नियंत्रक बसवले, ज्याची सुई पाण्यात राहते. २९ अंशांना पंखे सुरू होतात आणि २८ ला थांबतात. पावसाळी हवेत ते चालले तरी फारसे काही उडत नाही, आणि तशी गरजही उरत नाही. जूनच्या मध्यावर मी जाळी धुतली, पंख्यांची पाती व्हिनेगरच्या फडक्याने पुसली आणि काचेच्या आतल्या बाजूला दोन बोटे रुंद धरलेले क्षारांचे पुट जुन्या पत्त्याच्या कडेने खरवडले. ते तळहातावर गोळा झाले तेव्हा चमचाभर भरले, आणि आईने ते चाखून पाहिले.